गुण नंतर, कारण आधी!

"सिनेमा कसा होता रे?"
"भारी!"
"आणि तो नवा गेम?"
"लई भारी!"

झालं, संपल्या गप्पा! दोस्तांनो, खरं सांगा, तुमच्या वर्गातही असंच होतं ना? एक शिक्का 'भारी'चा, दुसरा 'बोअर'चा. तिसरा शिक्काच नाही!

'भारी' हा शब्द काही वाईट नाही. पण तो झाला गुण, दहापैकी दहा. कारण कुठं आहे? आणि गुणांचं म्हणाल तर आपल्या लातूर-नांदेडला ते कुणी शिकवायला नको. 'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दहावी झाली की गावोगावची मुलं इथं खोली करून, मेसचा डबा लावून शिकायला येतात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी सराव परीक्षा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरलेलं, प्रत्येक उत्तराचे गुण ठरलेले. म्हणूनच की काय, "तुला स्वतःला काय वाटलं?" असं कुणी विचारलं, की आपण गडबडतो. याचं उत्तर गाईडमध्ये सापडत नाही ना!

मला सिनेमे बघायचा आणि व्हिडिओ गेम खेळायचा फार जुना नाद आहे. पोटापाण्याचा धंदा वेगळा, हा नुसता नाद, बरं का! या नादापायी मी एक वही केलीय. जे पाहिलं, जे खेळलं, त्याची नोंद तिच्यात. वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिलेत:

१. गोष्टीतल्या मुलाला किंवा मुलीला नेमकं हवं काय?
२. न सांगता मला काय काय कळलं?
३. माणसं खरी वाटली का? ती कुणासारखी बोलतात?
४. मी गेम खेळलो, की गेमनं मला खेळवलं?

आधी या प्रश्नांची उत्तरं लिहायची, गुण सगळ्यात शेवटी. नुकत्याच गेलेल्या सुट्टीत भाचरं घरी आली होती. त्यांच्याबरोबर काही जुने-नवे सिनेमे पुन्हा पाहिले, काही गेम खेळलो. त्या वहीतलीच ही पानं तुमच्यासाठी.

रुळावरचे सिनेमे

लातूरहून मिरजेकडं जाणारी रेल्वे माहीत आहे ना? बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असं करत ती मिरजेला पोचते. पूर्वी इथं छोट्या रुळांची गाडी होती, आता मोठे रूळ आहेत. या वाटेवर मुलांचे किती चांगले सिनेमे जन्मले, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

पंढरपूरपासून सुरुवात करू. 'एलिझाबेथ एकादशी', २०१४ चा सिनेमा. दिग्दर्शक परेश मोकाशी, गोष्ट मधुगंधा कुलकर्णी यांची. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण यांच्याकडं एक सायकल आहे, तिचं नाव एलिझाबेथ. वडील वारलेत, ही सायकल त्यांनीच बनवलेली. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात, बँक यंत्र घेऊन जाते, आणि आईपुढं एकच वाट उरते, सायकल विकायची. मग ही मुलं कार्तिकी वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात.

आता पहिला प्रश्न लावा. मुलांना हवं काय? सायकल वाचवायची आहे. एका वाक्यात सांगता आलं की नाही! म्हणूनच हा सिनेमा पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला पकडतो. यात खलनायक नाही. आई दुष्ट नाही, बँकेतली माणसंही राक्षस नाहीत. तरीही शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो. हाणामारी नसताना सिनेमा रंगतो कसा, असं कुणी विचारलं तर त्याला हा दाखवा. त्या वर्षीचा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला एका तमिळ सिनेमाबरोबर वाटून मिळाला. माझे गुण दहापैकी नऊ.

पंढरपूरहून परत लातूरकडं निघालं की बार्शी लागतं. विनोद कांबळे हे तिथले दिग्दर्शक. त्यांच्या 'कस्तुरी'ला २०१९ सालच्या सिनेमांमधून उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोपी नावाचा शाळकरी मुलगा. घरचे लोक सफाईचं काम करतात, दवाखान्यात प्रेतांची चिरफाड होते तिथलंही काम करतात, आणि गोपीला त्यांच्या हाताखाली राबावं लागतं. शाळेत पोरं त्याच्या अंगाला वास येतो म्हणून चिडवतात. हा वास जावा म्हणून तो आणि त्याचा दोस्त आदिम कस्तुरीचं अत्तर शोधायला निघतात.

इथं दुसरा प्रश्न. पडद्याला वास असतो का? नसतो. मग सिनेमा वास दाखवणार कसा? माणसांच्या चेहऱ्यांवरून, लांब सरकून बसण्यावरून, मुलानं पुन्हा पुन्हा अंग घासण्यावरून. कुणी भाषण देत नाही, पण वास आपल्या नाकापर्यंत येतो! आणि हळूहळू कळतं, की घाण त्या मुलाच्या अंगाला नाहीच, ती चिडवणाऱ्यांच्या मनात आहे. हे वाक्य सिनेमात कुणी म्हणत नाही बरं का, ते माझं मला कळलं. गुण साडेआठ. थोडा संथ आहे, म्हणून दीड कापला.

कुर्डुवाडीहून पुण्याच्या बाजूला वळलं की जेऊर येतं. नागराज मंजुळे यांचं हे गाव. त्यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत लागला. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या या मुलाला काळी चिमणी हवीय, आपल्याला आवडणाऱ्या मुलीनं आपल्याकडं बघावं म्हणून. पण घरच्यांबरोबर त्याला गावातली डुकरं पकडावी लागतात, आणि सारं गाव बघून हसतं. एका जागी तर डुक्कर अगदी हातात येणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे आहेत तिथं ताठ उभे! डुकराला काय राष्ट्रगीत कळतंय? ते पळून जातं. बघताना आधी हसू येतं, आणि मग हसू घशातच अडकतं.

शेवटी जब्या एक दगड भिरकावतो. तो सरळ कॅमेऱ्याकडं येतो, म्हणजे तुमच्या-माझ्याकडं! मोठा भाचा म्हणाला, "मामा, त्यानं आपल्याला का मारला? आपण काय केलं?" मी म्हटलं, "लिही हाच प्रश्न वहीत." सिनेमा संपल्यावर प्रश्न उरणं ही वाईट गोष्ट नाही. तो आपल्याबरोबर घरी येतो. जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझे गुण दहा. मात्र हा सिनेमा थोडं मोठं झाल्यावर, घरच्यांबरोबर बसून बघा.

तिसरा प्रश्न या तिन्ही सिनेमांना लावा. यातली माणसं पुस्तकातल्यासारखी बोलत नाहीत, आपापल्या गावाची बोलतात. आता सांगा, "काय करूलालास?" असं विचारणारा लातूरचा किंवा नांदेडचा पोरगा पडद्यावर किती वेळा पाहिलात? आणि दिसलाच तर तो बहुतेक वेळा हसवायला आणलेला असतो! हे मला खटकतं. आपली बोली म्हणजे विनोदाचा मसाला नव्हे. तिच्यात रडताही येतं, भांडताही येतं, न्यूटनबद्दल बोलताही येतं.

मुलांनी दिलेलं बक्षीस

रुळावरचा नसलेला एक सिनेमाही सांगतोच, कारण त्याची हकीकत आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. चिन्मयचे वडील वारलेत. आईची बदली पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावात होते. नवी शाळा, नवी पोरं, समुद्र आणि पाऊस. एका प्रसंगात दोस्त त्याला भर पावसात किल्ल्यात एकटा सोडून जातात. तेव्हा तो रुसतो, पण त्याला खरं दुःख कशाचं आहे, ते आपल्याला पावसाच्या आवाजात ऐकू येतं.

२०१४ मध्ये हा सिनेमा जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथं मुलांच्या सिनेमांचा वेगळा विभाग असतो आणि त्यातलं एक बक्षीस ठरवायला परीक्षक म्हणून मुलंच बसतात. त्यांनी 'क्रिस्टल बेअर', म्हणजे काचेचं अस्वल, कुणाला दिलं माहितीय? आपल्या 'किल्ला'ला! ज्यांना मराठीचं अक्षरही ठाऊक नाही, अशा मुलांनी हा सिनेमा पाहिला, आपसात चर्चा केली आणि निकाल दिला.

म्हणजे बघा, मुलांचं मत हे गंमत म्हणून विचारायची गोष्ट नाही. जगातल्या मोठ्या महोत्सवात त्यावर बक्षीस ठरतं. पण 'भारी' एवढं म्हणून परीक्षकाचं काम भागेल का? दुसऱ्याला पटेल असं कारण द्यावं लागणार!

आमच्या घरचा निकाल मात्र फुटला. भाची म्हणाली, "मामा, फार हळू आहे. नुसता पाऊस, पाऊस!" मी नऊ गुण दिले, तिनं सहा. तिनं कारण दिलं, म्हणून तिचे सहाही वहीत लिहिले. मत वेगळं असलं तर बिघडत नाही, कारण मात्र पाहिजे.

एक शब्द न बोलणारे गुरुजी

आता गेमकडं वळू. तुमच्या आई-बाबांना विचारा, नव्वदीच्या काळात टीव्हीला जोडायचा गेम घरोघरी आला होता. त्यात 'कॅसेट' घालायची. चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची! त्या कॅसेटमधला राजा म्हणजे 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा १९८५ चा गेम, करणारे शिगेरू मियामोतो आणि त्यांचे सहकारी.

त्याचा पहिला टप्पा पुन्हा नीट बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडं सगळं मोकळं. म्हणजे आपोआप उजवीकडं चालावंसं वाटतं. थोड्या वेळात एक कपाळाला आठ्या घातलेला प्राणी समोरून येतो. धडकलात तर मेलात, पण सुरुवातच असल्यानं नुकसान काही नाही. पुढच्या वेळी तुम्ही उडी मारता. उडी मारताना डोकं वरच्या चौकोनावर आपटतं आणि नाणं बाहेर येतं. दुसऱ्या चौकोनातून अळंबी निघते, ती पाईपला आपटून तुमच्याचकडं येते. मिळाली की मारिओ मोठा होतो!

पाहिलंत? चालणं, उडी, शत्रू, बक्षीस, सगळं एका मिनिटात शिकलो. सूचनांची पाटी नाही, 'हे करा, ते करू नका' नाही. चूक करायला जागा दिली आणि शिकवून टाकलं. माझ्या मते जगातल्या उत्तम शिक्षकांत या टप्प्याची गणना व्हावी. गुण दहा, आणि वर एक तारा.

गेम आणि सिनेमा ही चुलत भावंडं आहेत, असं मी म्हणतो. पुरावा हवाय? १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. त्यातला राजपुत्र अगदी खऱ्या माणसासारखा धावतो, लोंबकळतो, सावरतो. का? तो करणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. मग एकेक चित्र बघून राजपुत्र काढला. तलवारबाजीसाठी तर १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातली लढाई समोर ठेवली! राजकन्येला सोडवायला तुमच्याकडं फक्त ६० मिनिटं. गुण नऊ.

आणि साधेपणाचा महामेरू म्हणजे 'टेट्रिस'. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो केला. वरून आकार पडतात, प्रत्येकात चार चौकोन, असे एकूण सात प्रकार. बस्स! गोष्ट नाही, राजकन्या नाही. निन्टेन्डोवरच्या जुन्या टेट्रिसला शेवटच नाही, असं लोक कितीतरी वर्षं समजत होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा एक १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीवर पोचला आणि गेमच बंद पडला! माणूस थकला नाही, गेम थकला.

आपल्याकडचं काही? आहे की! पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' २०२० मध्ये आला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. तिच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. राजस्थानी वाडे, भिंतींवरची चित्रं, गोष्ट सांगायला कळसूत्री सावल्या. बघतच राहावं! पण लढाया पुढं पुढं सारख्याच वाटतात आणि शेवट धाडकन येतो. म्हणून गुण सात. आपल्या मातीतला म्हणून वाढीव गुण द्यायचे नाहीत. प्रेमानं पण खरं सांगायचं.

कोण कुणाला खेळवतंय?

आता चौथा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा. फोनवरचे बरेच गेम फुकट असतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की मालिका तुटली. मध्येच एक पेटी येते. आत काय निघेल, देव जाणे! भारी बंदूक निघेल, नाहीतर रद्दी कपडे. मग पैसे भरून पुन्हा एक पेटी.

यात गोम काय आहे, सांगतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतरानं बटणावर चोच मारली की दाणा. दाणा ठराविक वेळी न देता कधीही, अवचित दिला, की कबुतर वेड्यासारखं चोच मारत राहतं. आता पुढच्या टोच्याला मिळेल, आता मिळेल! जत्रेतल्या चक्रीवाल्याला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याचं दुकान यावरच चालायचं. अशा पैशांच्या पेट्यांना २०१८ मध्ये बेल्जियम देशानं सरळ जुगार ठरवलं.

फोनवरचा प्रत्येक गेम वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. दोस्तांबरोबर संघ करून खेळण्यात मजा असतेच. ओळखायची खूण सोपी आहे. मारिओत हरलो तर वाटतं, 'माझी उडी चुकली, पुन्हा मारतो.' पेटीच्या गेममध्ये वाटतं, 'माझ्याकडं पैसे कमी पडले.' पहिल्यात मी शिकलो, दुसऱ्यात मी कबुतर झालो. अशा गेमला वहीत गुण नाहीत, फक्त शेरा: 'मला खेळवलं.'

आपला गेम कोण करणार?

शेवटी 'वेनबा' या गेमबद्दल. २०२३ मध्ये कॅनडातल्या एका लहान कंपनीनं तो केला. तमिळनाडूतून कॅनडात गेलेली एक आई. तिच्याजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. आपण डोकं लढवून इडली करायची! मारामारी शून्य. पण मुलाला आईची भाषा आणि जेवण नकोसं होतं, तेव्हा पोटात खड्डा पडतो. या गेमला २०२४ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. गुण नऊ.

खेळून झाल्यावर धाकटा भाचा म्हणाला, "मामा, इडलीवर गेम निघतो, मग आपल्या लातूरवर का नाही?"

काय चुकीचं बोलला? २०१६ चा दुष्काळ आठवा, नाहीतर घरी विचारा. लातूरच्या नळाला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. १० टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. पुढं ५० टाक्यांची गाडी धावू लागली, एका खेपेत २५ लाख लिटर! तेच रूळ बरं का, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. गाडी कधी सोडायची, पाणी कुठल्या वस्तीला आधी द्यायचं, दवाखान्याला किती, टँकर किती. डोकं चालवायला लावणारा केवढा गेम यातून होईल! नांदेडकरांसाठी कंधारचा किल्ला आहेच, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या राजपुत्राला तिथं सोडून बघा!

हे करायला मोठा संगणक लागतो, असं समजू नका. मारिओचे टप्पे आधी चौकटीच्या कागदावर काढले होते. तुमच्या भूमितीच्या वहीत असतो तसलाच आलेख कागद! एका चौकोनात खड्डा, एकात शत्रू, एकात बक्षीस. मित्राला द्या, बोट फिरवत खेळायला सांगा. तो कुठं अडखळतो, कुठं हसतो, ते बघा. संगणक मिळालाच तर 'स्क्रॅच' हे फुकट साधन आहे, ठोकळे जोडून त्यात गेम करता येतो.

पण पहिली पायरी वहीची. या रविवारी जो सिनेमा बघाल, जो गेम खेळाल, त्याला हे चार प्रश्न विचारा आणि पाच ओळी लिहा. माझ्या नऊला तुम्ही तीन दिलेत तरी चालेल. फक्त कारण असं द्या, की मलाही पुन्हा विचार करावा लागेल. आणि गुण? ते सगळ्यात शेवटी, समासात, छोट्या अक्षरात!